दोन फॉर्म 16, एक एफडी, थोडा शेअर्सचा तोटा: 15 सप्टेंबर 2025 च्या आत इन्कम टॅक्स रिटर्न स्वतः भरता येईल का?

ऑगस्ट 2025 मध्ये आलेला प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्यात नोकरी, ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनी बदलली, दोन फॉर्म 16 (पगार आणि त्यातून कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) हातात आहेत, दोन्ही न्यू रेजिमचे (कमी दर, पण बहुतेक सवलती नाहीत; सवलती ओल्ड रेजिममध्ये). एफडीचं व्याज 52,000, बँकेने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापलाय. शेअर्समध्ये 22,000 चा शॉर्ट टर्म तोटा. भाडं महिना 18,000. "12 लाखांपर्यंत टॅक्सच नाही ना सर, मग पोर्टलवर जे आपोआप भरून येतं तेच सबमिट करून टाकू का? आणि तारीख 15 सप्टेंबर झाली आहे तर शेवटच्या आठवड्यात बसलो तर चालेल ना?"

पंचवीसेक वर्षं लोकांची टॅक्स रिटर्नं भरून देण्याचंच काम करतोय म्हणून सांगतो, तुमच्या प्रश्नात तीन गैरसमज आहेत आणि तिन्ही दर वर्षी माझ्या ऑफिसात कोणी ना कोणी घेऊन येतंच. स्वतः भरता येईल का, तर हो, येईल. तुमचं रिटर्न अवघड नाहीये, फक्त "आपोआप भरून येतं तेच सबमिट" एवढं करू नका.

आधी ते 12 लाखांचं. फेब्रुवारी 2025 च्या बजेटमध्ये जे जाहीर झालं ते 1 एप्रिल 2025 पासूनच्या कमाईला. तुम्ही आत्ता जे रिटर्न भरताय ते 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 चं आहे, त्याला जुनेच आकडे लागतात: न्यू रेजिममध्ये 3 लाखांपर्यंत शून्य, 3 ते 7 ला 5 टक्के, 7 ते 10 ला 10, 10 ते 12 ला 15, 12 ते 15 ला 20, आणि त्याच्या वर 30 टक्के. रिबेट, म्हणजे टॅक्स पूर्ण माफ, 7 लाखांपर्यंतच. स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) 75,000 धरलं तर पगारदाराला पावणेआठ लाखांपर्यंत टॅक्स नाही, बस्स. बजेटची बातमी फेब्रुवारीत येते, रिटर्न जुलै-ऑगस्टमध्ये भरलं जातं, मग माणसाला वाटतं की तेच याला लागू. यंदा तर हा गोंधळ फारच आहे, या महिन्यात सात-आठ जणांना तरी हेच समजावून झालं असेल.

त्यातच ते फायनान्शियल इयर आणि असेसमेंट इयर. कमाईचं वर्ष 2024-25, असेसमेंट इयर 2025-26. हे आत्ताच डोक्यात पक्कं करा कारण टॅक्स भरताना चलनावर असेसमेंट इयर विचारतात आणि तिथे चुकलात तर पैसे गेले भलत्या वर्षात, मग ते दुरुस्त करायला फिरा.

आता तुमचा खरा घोळ, दोन नोकऱ्यांचा. आकडे घेऊनच दाखवतो, तुम्ही तुमचे टाका. समजा पहिल्या कंपनीत सहा महिन्यांचे 4,80,000 मिळाले आणि दुसरीत 6,60,000. पहिलीने वर्षाचा पगार 9,60,000 होईल असं धरून टॅक्स काढला, तो येतो साधारण 40,040, आणि सहा महिन्यांत त्यातला अर्धा म्हणजे 20,020 कापला. दुसऱ्या कंपनीला तुम्ही आधीच्या पगाराचं काही सांगितलंच नाही (सांगायला फॉर्म 12बी असतो, जॉइनिंगच्या गडबडीत तो कोणी भरत नाही), त्यांनी फक्त स्वतःचे 6,60,000 बघितले, त्यातून 75,000 वजा केले, 5,85,000 म्हणजे 7 लाखांच्या आत, टॅक्स शून्य, टीडीएस शून्य. तुम्ही खूश, सहा महिने हातात पगार जास्त आला. पण रिटर्नमध्ये हे दोन्ही एकत्र येतात ना. 11,40,000 मधून स्टँडर्ड डिडक्शन एकदाच जाणार, दोनदा नाही, उरले 10,65,000, त्यात एफडीचे 52,000 मिळवा म्हणजे 11,17,000. त्यावर टॅक्स 67,550 आणि 4 टक्के सेस धरून 70,252. कापलेला टीडीएस किती, 20,020 आणि बँकेचा 5,200. म्हणजे 45,032 रुपये तुम्ही अजून देणं आहे! (सेव्हिंग खात्याचं व्याज मी हिशोब सोपा राहावा म्हणून सोडलंय, तुम्ही सोडू नका, न्यू रेजिममध्ये त्याची 10,000 ची सूट पण नाही.)

आणि पोर्टलवर आपोआप भरून आलेलं तसंच पुढे ढकललं तर काय होतं ते मी बघितलंय. कधी दोन्ही कंपन्यांचा पगार नीट येतो, कधी एकाचाच येतो, कधी पगार येतो पण त्यातली सूट भलतीच. माणूस बघतो "रिफंड" आणि बटण दाबतो. सहा-आठ महिन्यांनी नोटीस आली की मग माझ्याकडे येतो.

एफडीबद्दल एक वाक्य, कारण हा गैरसमज म्हाताऱ्यांपासून आयटीवाल्यांपर्यंत सगळ्यांना आहे. बँकेने 10 टक्के कापले म्हणजे त्या व्याजाचा टॅक्स संपला असं नसतं, व्याज तुमच्या कमाईत मिळतं आणि तुमच्या स्लॅबने टॅक्स लागतो, कापलेले 10 टक्के त्यातून वजा होतात एवढंच.

आता ती तारीख. यंदा फॉर्म बदलले, युटिलिटी उशिरा आल्या, म्हणून 31 जुलैची मुदत 15 सप्टेंबर 2025 केली. लोकांना वाटलं दीड महिना फुकट मिळाला. ज्याचा रिफंड आहे त्याला मिळाला असेल, तुम्हाला नाही. कारण टीडीएस जाऊन 10,000 पेक्षा जास्त टॅक्स देणं असेल तर तो वर्षभरात ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरायला पाहिजे होता, नाही भरला तर आयकर कायद्याच्या कलम 234बी खाली 1 एप्रिलपासून दर महिन्याला 1 टक्का व्याज चालू, ते तुम्ही पैसे भरेपर्यंत चालूच राहतं, मुदतवाढीचा त्याच्याशी संबंध नाही. ऑगस्टमध्येच भरलात तर पाच महिने म्हणजे 2,250. सप्टेंबरची 1 तारीख उजाडली की अजून 450. शिवाय हप्ते चुकवल्याचं 234सी वेगळं, तुमच्या केसमध्ये तेही सव्वादोन हजारांच्या आसपास. सगळं मिळून साडेएकोणपन्नास हजार धरून चाला. म्हणून रिटर्न नंतर भरलंत तरी पैसे या महिन्यातच भरून टाका, ई-पे टॅक्समध्ये असेसमेंट इयर 2025-26 आणि सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड 300. ॲडव्हान्सचा कोड 100 आहे, ते वर्ष संपलं, तो निवडू नका. चलन रिटर्नमध्ये दिसायला कधी एक-दोन दिवस जातात, म्हणून पण शेवटच्या रात्री नको.

(ज्येष्ठ नागरिक, ज्यांना धंदा-व्यवसायाची कमाई नाही, त्यांना ॲडव्हान्स टॅक्स माफ असतो. आईवडिलांचं रिटर्न भरत असाल तर हे व्याज त्यांना लागत नाही.)

तारखेचं दुसरं कारण जास्त मोठं आहे आणि ते फार जणांना माहीतच नसतं. ओल्ड रेजिम पाहिजे असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. एक दिवस उशीर झाला की न्यू रेजिम, विषय संपला. 5,000 लेट फी (5 लाखांच्या आतल्यांना 1,000) सगळ्यांना पाठ असते, पण होम लोनवाल्याला खरा फटका तिथे बसत नाही, त्याची 2 लाखांची व्याजाची सूट, 80सी (पीएफ, विमा, पीपीएफ अशा बचतीची सूट), भाडं असेल तर एचआरए (घरभाडे भत्त्याची सूट), सगळं उडतं तिथे बसतो.

मग तुम्हाला ओल्ड परवडेल का? कंपनीने न्यूने टीडीएस कापला म्हणून तुम्ही न्यूलाच बांधलेले नाही, पगारदार माणूस रिटर्नमध्ये बदलू शकतो. तुमचं बेसिक पगाराच्या निम्मं धरतो, आधी 40,000 नंतर 55,000. एचआरएची सूट तीन आकड्यांतला (मिळालेला एचआरए, बेसिकचे 40 किंवा 50 टक्के, भाडं वजा बेसिकचे 10 टक्के) सगळ्यात लहान, तुमच्यासाठी तो म्हणजे भाडं वजा बेसिकचे 10 टक्के: पहिले सहा महिने 14,000, पुढचे सहा 12,500, एकूण 1,59,000. (2024-25 साठी पुणे 40 टक्क्यांत येतं बरं का, 50 टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. हिंजवडीचं भाडं बघून कायद्याला दया येत नाही.) स्टँडर्ड डिडक्शन ओल्डमध्ये 50,000, प्रोफेशनल टॅक्स 2,500, म्हणजे ते महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात ना ते. 80सी पूर्ण दीड लाख आहे असं धरू, पीएफ त्यातच येतो. स्वतःचा मेडिक्लेम 25,000. एवढं सगळं करून 8,05,500 उरतात आणि टॅक्स 76,544. न्यूपेक्षा सहा हजार जास्त! आता आईवडील साठीच्या वर आहेत आणि त्यांच्या मेडिक्लेमचे 30,000 तुम्ही भरलेत असं असेल तर टॅक्स येतो 70,304. न्यूचा 70,252. फरक 52 रुपये, दोन वडापाव. म्हणजे तुमच्या बाबतीत एखादी एनपीएसची (पेन्शन योजनेची) पावती निघाली तर ओल्ड, नाहीतर न्यू. म्हणून कुणी डोळे झाकून "न्यूच चांगली" म्हणालं तर ऐकू नका, मी पण तुमचे कागद न बघता सांगणार नाही. मार्च संपलाय, आता पॉलिसी काढून या वर्षाला उपयोग नाही, कुठला एजंट तसं म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

ओल्ड घ्यायचीच ठरली तर फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो, न्यू रेजिममधून बाहेर पडायचंय का असा. तिथे "हो" म्हणजे ओल्ड, "नाही" म्हणजे न्यू. उलटं वाटतं ते, दोनदा वाचा. आणि यंदापासून नुसते आकडे टाकून भागत नाही, 80सी ला पॉलिसी किंवा पीपीएफ खात्याचा नंबर, मेडिक्लेमला कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर, होम लोनला बँक, खातं, मंजुरीची तारीख, एचआरएला भाडं-बेसिक सगळं वेगवेगळं विचारतात. कंपनीला भाडं दाखवलं नव्हतं तरी रिटर्नमध्ये घेता येतं, फक्त लीव्ह अँड लायसन्सचा करार आणि बँकेतून गेलेलं भाडं दाखवता आलं पाहिजे, घरमालकाचा पॅन पण घेऊन ठेवा. रोख दिलं, पावती पुस्तक दुकानातून आणून स्वतःच सही केली, असले प्रकार आता पचत नाहीत.

यावरून आठवलं. "रिफंड काढून देतो, 10 टक्के मला द्या" म्हणणारे लोक सगळ्या कंपन्यांमध्ये फिरतात, राजकीय पक्षाला देणगी दाखवतात, नसलेलं भाडं दाखवतात. 14 जुलै 2025 ला आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी याच्यावरच कारवाई केली, आणि त्याच्या आधीच्या चार महिन्यांत साधारण 40,000 जणांनी अपडेटेड रिटर्न भरून 1,045 कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले असं विभागानेच सांगितलंय. एजंट दहा टक्के घेऊन फोन बंद करतो, नोटीस तुमच्या पॅनवर येते.

शेअर्सचं. 22,000 चा तोटाच आहे, नफा नाही, मग दाखवायचा कशाला असं तुम्हाला वाटत असणार. दाखवा. शॉर्ट टर्म तोटा पुढे 8 वर्षं नफ्यातून वजा करता येतो, फक्त रिटर्न मुदतीत भरलेलं पाहिजे, हे तारखेचं तिसरं कारण. आणि यामुळे तुमचा फॉर्म आयटीआर-1 नाही, आयटीआर-2. यंदा आयटीआर-1 मध्ये शेअर्सचा लाँग टर्म नफा सव्वा लाखापर्यंत चालतो, पण शॉर्ट टर्म काहीही असेल किंवा तोटा पुढे न्यायचा असेल तर चालत नाही. ब्रोकरकडून टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचा तक्ता) डाउनलोड करा, त्यात 23 जुलै 2024 च्या आधीचं आणि नंतरचं वेगळं दिलेलं असतं कारण त्या दिवशी दर बदलले, शॉर्ट टर्म 15 चा 20 झाला, लाँग टर्म 10 चा साडेबारा. एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) केलं असेल तर मात्र थांबा, तो धंदा धरतात, आयटीआर-3, तिथे स्वतः करायच्या भानगडीत पडू नका.

पुण्यातले आयटीवाले अजून एक विसरतात, अमेरिकन कंपनीचे आरएसयू (कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेले शेअर्स). एक शेअर जरी असेल तरी आयटीआर-2 आणि परदेशी मालमत्तेचं शेड्यूल, आणि ते कॅलेंडर वर्षाचं असतं, जानेवारी ते डिसेंबर 2024. विकले नाहीत, पैसे आले नाहीत, तरी लिहायचं. त्याचा दंड ब्लॅक मनी कायद्याखाली 10 लाखांचा आहे, छोट्या रकमांना आता सवलत आहे पण त्याच्या भरवशावर राहू नये. तुम्ही विचारलं नाही तरी सांगितलं, कारण कंपनी बदलताना असले शेअर्स मागे राहिलेले असतात.

आता करायचं कसं. एका संध्याकाळी फक्त कागद. दोन्ही फॉर्म 16, 26एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता), एआयएस, बँकेची व्याजाची सर्टिफिकेटं, ब्रोकरचं स्टेटमेंट. फॉर्म 16 च्या पार्ट ए मधला टीडीएस 26एएस शी रुपयाला रुपया जुळतो का बघा, नाही जुळला तर कंपनीच्या एचआरला त्याच दिवशी मेल टाका, त्यांनी कापला पण भरला नाही किंवा चुकीच्या पॅनवर भरला असं होतं. मग एआयएस. यात सरकारला तुमच्याबद्दल काय काय कळलंय ते दिसतं, व्याज, डिव्हिडंड, शेअर्स, म्युच्युअल फंड. पण एआयएस म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या एआयएसमध्ये आईच्या एफडीचं सगळं व्याज दिसत होतं, का तर खातं जॉइंट आणि पहिलं नाव मुलीचं. तिथे फीडबॅक द्यायची सोय आहे, "ही माहिती दुसऱ्या पॅनची" असं, ते द्या आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणि उलटं पण. एक निवृत्त मास्तर आहेत माझ्याकडे, गावाकडच्या पतसंस्थेत ठेवी, दर वर्षी म्हणायचे "अहो ते कुठे दिसतंय कुणाला". एआयएसमध्ये पतसंस्थेचं व्याज बऱ्याचदा येत नाही हे खरं, पण तिथे नाही म्हणून ते करमुक्त होत नाही. मी एकदाच म्हटलं, गुरुजी, तुम्ही पेपरात उत्तर न लिहिणाऱ्या पोराला मार्क द्यायचात का? नुसते हसले. पुढच्या वर्षी पासबुक आणलं.

दुसऱ्या संध्याकाळी पोर्टल. पॅन-आधार लिंक आहे ना बघा, बँक खातं व्हॅलिडेट झालंय ना बघा. बँका एकमेकीत विलीन झाल्या तेव्हा आयएफएससी बदलले, जुन्या खात्यावर रिफंड अडकलेले लोक अजून येतात. रक्कम भरा, चलनाचा नंबर आणि बीएसआर कोड (बँक शाखेचा) आलाय ना तपासा, शेवटी देणं शून्य दिसलं पाहिजे.

सबमिट केलं की काम झालं असं समजून लॅपटॉप मिटू नका, ई-व्हेरिफाय राहतं. आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांचं काम, मुदत 30 दिवस. गेल्या वर्षी एका माणसाने 28 जुलैला रिटर्न भरलं, मुदतीच्या तीन दिवस आधी, होम लोन, ओल्ड रेजिम, सगळं व्यवस्थित. आधारला मोबाईल नंबर जुना होता, ओटीपी आला नाही, "नंतर करू" म्हणाला आणि विसरला. नोव्हेंबरमध्ये रिफंड का येत नाही म्हणून आला. 30 दिवस उलटले की व्हेरिफाय केलेली तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, म्हणजे याचं रिटर्न नोव्हेंबरचं, म्हणजे उशिराचं, म्हणजे ओल्ड रेजिम गेली. उशीर माफ करा म्हणून अर्ज करावा लागला, तो वेगळाच उपद्व्याप. ओटीपी येत नसेल तर नेट बँकिंगने करा, डीमॅटने करा, तेही नाही तर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) स्पीड पोस्टने बंगळुरूला सीपीसीला (आयकर विभागाच्या प्रक्रिया केंद्राला) पाठवा, पण करा.

काही चुकलं असं नंतर लक्षात आलं तर 31 डिसेंबर 2025 पर्यंत रिव्हाइज्ड भरता येतं, त्याला फी नाही, त्यामुळे घाबरून थांबू नका. त्याच्याही नंतर अपडेटेड रिटर्न आहे, आता चार वर्षांपर्यंत, पण त्यात वरून 25 पासून 70 टक्क्यांपर्यंत जादा टॅक्स आणि रिफंड मागता येत नाही.

मग काही आठवड्यांत मेलवर 143(1) ची इंटिमेशन येईल. नाव बघून लोक घाबरतात, ती नोटीस नाही. पीडीएफचा पासवर्ड तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख आठ आकड्यांत. आत दोन कॉलम असतात, एकात तुम्ही भरलेलं, दुसऱ्यात त्यांनी काढलेलं. पगाराची ओळ, टीडीएसची ओळ आणि सगळ्यात खालची देणं-घेणं ही ओळ, तीन ठिकाणी दोन्हीकडे एकच आकडा असला की ती पीडीएफ चलनाशेजारी त्याच फोल्डरमध्ये टाका. वेगळा असला तर त्या पानाचा फोटो पाठवा, मी बघतो.